कागद निघाला, आता भिंत बघू

पाऊस सरत आला की गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा सूर बदलतो. जूनमध्ये बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं असं चाललेलं असतं. सप्टेंबर संपत आला की एकेक जण म्हणायला लागते, "घराला रंग द्यायचाय." यंदा मात्र तीन-चार गटांतून एक नवाच प्रश्न आला, आणि जवळजवळ त्याच शब्दांत आला: "भिंतीला चिकटवलेला वॉलपेपर काढलाय. आता लगेच रंग दिला तर चालेल का?"

लगेच नाही चालणार. मग कधी चालेल, आणि तोवर त्या भिंतीचं काय करायचं, हे आज बोलू.

आधी हा कागद आपल्या घरात आला कसा, ते बघा. आठवडी बाजारात दीड फूट रुंदीचे गुंडाळे मिळतात. मागचा पांढरा कागद सोलायचा आणि भिंतीला चिकटवायचा, की झालं. विटांचं चित्र, फुलांचं, संगमरवराचं. टीव्हीच्या मागे, देव्हाऱ्याच्या मागे, ओट्याच्या मागे. स्वस्त पडतो, एका दुपारी खोलीचं रूप बदलतं, रंगाऱ्याच्या हातापाया पडावं लागत नाही. हौस म्हणून कुणी लावला तर आमचं काही म्हणणं नाही. पण घरोघरी जाऊन आम्ही पाहतो, तेव्हा कागद बहुतेक वेळा झाकायला लावलेला असतो. भिंतीला पोपडे आले, ओल आली, पाहुणे येणार, लावा कागद! आणि तो कागद म्हणजे प्लास्टिक. भिंतीतली ओल बाहेर यायची वाटच त्यानं बंद होते. ओल आत कोंडते, वर चढते, आणि दोन पावसाळ्यांनी कागद फुगून आपणहून सुटायला लागतो.

म्हणून कागद निघाला की रंगाचं कार्ड बघू नका. भिंत बघा.

काढतानाच भिंत निम्मी वाचते किंवा निम्मी बिघडते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. प्लास्टिकचा कागद सरळ आपल्याकडे ओढला की त्याच्या पाठीवर पुट्टीचा पापुद्रा येतो, कधी गिलाव्याचा तुकडाही. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा आणि भिंतीला लागून खालच्या दिशेनं, हळू ओढा. जिथे हट्ट करेल तिथे केस वाळवायच्या यंत्राची ऊब द्या, नाहीतर गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं मिनिटभर दाबून धरा. ऊब लागली की डिंक सैल होतो. शहरातल्या घरांत खरा कागदी वॉलपेपर असतो, तो असा निघत नाही. त्यावर बारीक चरे पाडायचे, भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी स्पंजानं लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पातळ लोखंडी पट्टीनं खरवडायचं. पाण्याचा हात भिंतीला लावण्याआधी मेन स्विच बंद. बटणाच्या बोर्डाभोवती पाणी मारून शॉक बसतो, तो काही कुणी मुद्दाम खात नाही. विसरल्यामुळेच बसतो.

तिसरा प्रकार आपल्या जुन्या घरांतला. वर्तमानपत्रं, कॅलेंडरची पानं, देवांची चित्रं, सगळं मैद्याच्या खळीनं चिकटवलेलं. हे पाण्यानं सहज निघतं. पण खळ म्हणजे पीठ. तिच्यावर कसर लागते, झुरळं येतात आणि ओल असेल तर बुरशी धरते. कागदाखाली मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. मग भिंतीचं काम थांबवून आधी वाळवीचा बंदोबस्त करा. तिच्यावर पुट्टी लावणं म्हणजे तिला नवं घर बांधून देणं.

आता उघडी भिंत समोर आहे. दिवसाउजेडी खिडक्या उघडून बघा. मग संध्याकाळी बॅटरी भिंतीला लावून आडवा उजेड टाकून बघा. समोरच्या उजेडात सपाट वाटणारी भिंत आडव्या उजेडात तिचे सगळे खड्डे-उंचवटे दाखवते. पण पहिला प्रश्न खड्ड्यांचा नाही, ओलीचा आहे, आणि आज जास्त वेळ आम्ही त्याच्यावरच घालवणार आहोत.

आमच्या एका गटातल्या ताईंची गोष्ट सांगतो. मुलाच्या साखरपुड्याआधी त्यांनी बैठकीच्या खोलीतला कागद काढला, गटातून अंतर्गत कर्ज घेतलं आणि रंगारी बोलावला. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. रंगाऱ्यानं दोन दिवसांत पुट्टी ओढली, तिसऱ्या दिवशी प्रायमर, पाचव्या दिवशी रंग. साखरपुड्याच्या फोटोत भिंत सुंदर दिसते. पुढच्या पावसाळ्यात जमिनीपासून गुडघ्यापर्यंत पोपडे सुटले, आणि दर महिन्याला हप्ता भरायला येताना त्या म्हणायच्या, "भिंत झडतीय आणि मी भरतीय." रंगारी म्हणाला, रंग हलका घेतला. रंग हलका नव्हता. भिंत ओली होती.

ओल आहे की नाही, हे हात लावून पुरतं कळत नाही. एक सोपी तपासणी आहे. जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला असा बंद करा, की आत हवा जाणार नाही. एक दिवस आणि एक रात्र राहू द्या. मग काढून बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील, किंवा तेवढाच चौकोन गडद झाला असेल, तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे, म्हणजे चुलीची वाफ, आत वाळत घातलेले कपडे, बंद खिडक्या. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही तपासणी टाळू नका. एकाच जागी करू नका. एक तुकडा खाली जमिनीजवळ लावा, एक छातीच्या उंचीवर आणि एक छताजवळ.

खालच्या तुकड्याला पाणी आणि वरचे कोरडे असतील, तर ओल जमिनीतून चढते आहे. बाहेर जाऊन त्या भिंतीच्या पायथ्याशी बघा. तिथे उकिरडा आहे का, मातीचा ढीग लागला आहे का, पागोळ्यांचं पाणी तिथेच पडतं का, मोरीचं पाणी पायाशी मुरतं का? आमच्या पाहण्यातल्या बऱ्याच घरांत उपाय पहारीनं आणि फावड्यानं होण्यासारखाच होता. माती मागे ओढायची, भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, पन्हाळ बसवायची, मोरीला नळी लावून पाणी लांब न्यायचं. फक्त वरच्या तुकड्याला पाणी असेल तर छत किंवा वरची पाण्याची टाकी बघा. मधल्यालाच असेल, तर बाहेरच्या गिलाव्याची भेग किंवा भिंतीत गाडलेली नळाची पाइप. न्हाणीघराच्या पलीकडची भिंत असेल तर ओल खालच्या आणि मधल्या दोन्ही तुकड्यांवर दिसू शकते. मग न्हाणीघराच्या फरशांमधल्या फटी भरणं हे रंगाआधीचं काम.

दुकानदार यावर सोपा उपाय सांगतात: आतून ओल रोखणारा रंग मारा. आम्ही त्याला भुलू नका असं म्हणतो. पाणी बाहेरून किंवा खालून येतच राहिलं आणि आतून झाकण बसवलं, तर ते जिरत नाही. आणखी वर चढतं, नाहीतर त्या रंगालाच ढकलून पाडतं. वॉलपेपरनं केलं तेच झालं, फक्त जास्त पैशांत.

पाण्याची वाट बंद केली तरी भिंत दुसऱ्या दिवशी वाळत नाही. नऊ इंची विटांची भिंत आतपर्यंत भिजली असेल तर वाळायला आठवडे नाही, महिने लागतात. कोकणातल्या दमट हवेत आणखी जास्त. पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा, कपाट भिंतीपासून सरकवा. चिकटपट्टीची तपासणी दर पंधरा दिवसांनी करा. कोरडी आली की पुढे जा.

ओल्या भिंतीवर वाळताना पांढरी पूड फुटते. आपण म्हणतो लोणा लागला. हे मातीतले, विटांतले क्षार पाण्याबरोबर वर आलेले असतात. ते पाण्यानं धुऊ नका. धुतले की क्षार विरघळून परत भिंतीत जातात आणि पुन्हा फुटतात. कोरड्या ब्रशनं झाडायचे, खाली कागद पसरून पूड गोळा करायची आणि घराबाहेर टाकायची. आठवड्यानं पुन्हा झाडायचे. पूड यायची थांबली की समजा भिंत निवली.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्याकडे विहिरीत टाकतात ती टीसीएल. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघडा, फडक्यानं लावा, दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्यानं पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. कोरडी बुरशी झाडू नका, तिची धूळ छातीत जाते. आणि हे नीट ऐका: काही जणी डिंक काढायला व्हिनेगर वापरतात, काही संडास साफ करायचं ॲसिड भिंतीला लावून बघतात. यातलं काहीही ब्लीचिंग पावडरशी एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत जीवावर बेतू शकतं.

आता डिंकाकडे. कागद गेला तरी डिंक भिंतीवर असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ओल्या हातानं भिंत चोळून बघा. बुळबुळीत लागली तर कागदी वॉलपेपरचा डिंक किंवा खळ शिल्लक आहे. शाळेत पोरं बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून बघतात ना, तसा थेंब भिंतीच्या कोपऱ्यात टाकला आणि निळा-काळा झाला तर तिथे खळ आहे. आमच्या एका गटात आठवीतल्या मुलीनंच हे करून दाखवलं. असा डिंक कोमट पाणी आणि साबणानं, दर थोड्या वेळानं पाणी बदलत, दोन-तीनदा धुवायचा. पाणी बदलायला कंटाळा केला तर आपण डिंक काढत नाही, सगळ्या भिंतीला सारखा पसरवतो.

प्लास्टिकच्या कागदाचा डिंक पाण्यात विरघळत नाही. हात लावला की चिकट लागतो आणि धूळ धरून काळा पडतो. त्याला ऊब देऊन लोखंडी पट्टी अगदी आडवी धरून खरवडा, उरलेल्या गाठी अंगठ्यानं चोळून गोळ्या करून काढा. गोडेतेल लावलं की हा डिंक सुटतो, हे खरं आहे, आणि स्टीलच्या डब्यावरचं लेबल आपण तसंच काढतो. पण डबा तेल पीत नाही, भिंत पिते. त्या डागावर पुढे रंग धरत नाही. रॉकेल आणि थिनरचाही मोह नको. एकाच खोलीत चूल किंवा गॅस असतो आणि वाफेनं पेट घ्यायला ठिणगी पुरते.

डिंक राहिला तर काय होतं? रंग वाळताना त्याला बारीक भेगा पडतात, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ फुटतो तशा. काही ठिकाणी पिवळट-तपकिरी डाग वर येतात आणि कितीही हात दिले तरी येतच राहतात.

डिंक गेला, भिंत वाळली, आता ठोकून बघा. पळीच्या दांड्यानं किंवा बंद्या रुपयानं भिंतभर हलकं टकटक करत जा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजलं तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे. त्यावर खडूनं खूण करा. तळहाताएवढी पोकळ जागा असेल तर ती फोडून काढा, पक्क्या कडेपर्यंत जा, धूळ झाडा, भिंत भिजवा आणि गिलावा भरा. विटा-सिमेंटच्या भिंतीला एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली वाळू. सात दिवस पाणी मारा. मग कोरडं होऊ द्या. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर 28 दिवसांआधी रंग देऊ नये. दिवाळी आठ दिवसांवर असताना हे ऐकायला कुणाला आवडत नाही, ठाऊक आहे.

केसाएवढ्या भेगा पुट्टीनं भरतात. त्याहून रुंद भेग असेल तर ती तशीच वरून लिंपू नका. पट्टीच्या टोकानं आत थोडी उघडून तिचं तोंड रुंद करा, धूळ काढा, ओली करा आणि दाबून भरा. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मात्र वेगळी. तिच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्याभरानं भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर रंगारी नको, गवंडी बोलवा.

जुन्या रंगाची पकडही बघायला हवी. काळं फडकं भिंतीवरून जोरात फिरवा. पांढरी पूड लागली तर खाली चुना किंवा स्वस्त डिस्टेंपर आहे आणि तो मोकळा झालेला आहे. खळणाऱ्या चुन्यावर पुट्टी लावली की पुट्टी चुन्याला धरते, चुना भिंतीला सोडतो, आणि मोठाले पापुद्रे खाली येतात. असा थर खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून काढलाच पाहिजे. चिकटपट्टी दाबून लावून झटक्यानं ओढा. तिच्यावर रंग आला नाही तर तो थर राहू दे, त्याला उगाच खरवडू नका.

इथे जुन्या ऑइल पेंटबद्दल सावध करतो. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती, हे आपल्याला बघून कळत नाही. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला बाधतं. म्हणून दारं-खिडक्या आणि भिंतीचा खालचा तेलकट पट्टा कोरडा घासू नका, जाळून तर अजिबात काढू नका. पाणी मारत, पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरनं घासा. गरोदर सुना-लेकी आणि पोरं त्या दिवशी दुसऱ्या घरी राहू द्या. घासलेला गाळ कागदावर गोळा करा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका. कपडे वेगळे धुवा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

पुट्टीचं काम आता वेगानं सांगतो, कारण इतकं झाल्यावर ते सोपंच राहतं. पूर्वी रंगारी खडूची पूड तेलात मळून लांबी करायचे. आता पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पिशवीत मिळते. भिंतीवर पाण्याचा हलका शिडकावा करा. पुट्टीच्या वजनाच्या साधारण 35 ते 40 टक्के पाणी घ्या आणि पाण्यात पुट्टी थोडी थोडी टाकत गुठळी राहणार नाही असं मळा. इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पुरणापेक्षा सैल. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच करा. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती जिवंत होत नाही. पहिला हात खालून वर ओढा, वाळू द्या, 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं उंचवटे मोडा, पुसा, दुसरा हात द्या. दोन्ही मिळून थर दीड मिलिमीटरच्या आसपास पुरे. जाड थर भिंत सरळ करत नाही, फक्त वजनानं सुटतो. खोल खड्डा असेल तर तो आधी वेगळा भरा. शेवटी 180 किंवा 220 नंबरच्या पेपरनं गोलाकार हलक्या हातानं घासा.

घासताना उडणारी ती पांढरी धूळ फार बारीक असते. साडीचा पदर किंवा ओढणी तिला अडवत नाही. औषधाच्या दुकानात एन-95 मास्क मिळतो, तो घाला. करोनातले घरात पडून असतील तर शोधा. डोक्याला कापड बांधा. आणि स्टुलावर पाट, पाटावर डबा असा मनोरा रचून छताशी पोचायचं नाही. शेजारची शिडी मागून आणा.

पुट्टी घासून झाली की ओलसर फडक्यानं धूळ पुसा. धुळीवर मारलेला प्रायमर धुळीलाच चिकटतो. सगळ्या भिंतीला प्रायमर मारण्याआधी फूटभर जागेत, जिथे डिंक सगळ्यात जास्त होता तिथे, एक हात द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. भेगा पडल्या नाहीत, डाग आला नाही, चिकटपट्टीनं ओढून सुटला नाही, तर सगळीकडे मारा. डाग आला तर तेवढ्या जागेला तेलातला प्रायमर द्या, तो डाग दाबून धरतो. एवढ्या एका दिवसानं पुढचे किती पैसे वाचतात, ते त्या साखरपुड्याच्या ताईंना विचारा.

हे सगळं सिमेंटच्या भिंतीचं. माळवदाची जुनी घरं, मातीत बांधलेल्या दगडी भिंती, कुडाच्या भिंती, यांना पुट्टी आणि प्लास्टिकचा रंग देऊ नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, तिचा तो श्वास आहे. तिच्यावरचा कागद काढला की सुटलेली माती झाडा, माती-शेण-भुशाचा गिलावा करून लिंपा आणि वाळल्यावर पांढरी माती किंवा चुना द्या. चुना पातळ द्यायचा, भिंत आधी ओलवून, दोन-तीन हात. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून पोरं लांब, आणि पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा. "आता चुना कोण लावतं, लोक काय म्हणतील?" असं वहिनी लोकांच्या तोंडून ऐकतो. चुन्याची भिंत दर वर्षी स्वतःच्या हातानं पांढरी करता येते, कर्ज काढावं लागत नाही आणि बुरशीही तिच्यावर सहज धरत नाही. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या.

आता पैशाचं. कर्जाचा अर्ज भरताना "रंगकाम" असा एकच आकडा लिहू नका. खोली मोजा. समजा खोली 10 बाय 12 फूट आणि उंची 10 फूट. चारी भिंतींची लांबी 44 फूट, गुणिले 10 म्हणजे 440 चौरस फूट. दार 3 बाय 7, म्हणजे 21. दोन खिडक्या 4 बाय 4, म्हणजे 32. वजा जाता उरले 387 चौरस फूट. पुट्टी दोन हातांत किलोला साधारण 12 ते 20 चौरस फूट जाते, भिंत जेवढी खडबडीत तेवढी जास्त लागते. पंधरानं धरलं तर 26 किलो. म्हणजे 40 किलोची पिशवी लागत नाही. उघडी राहिलेली पुट्टी ओल धरून वाया जाते. शेजारणीचंही काम असेल तर मात्र 40 ची दोघींत मिळून घ्या. आणि जुनी पुट्टी शाबूत असेल तर फक्त खड्डे भरायला पाच किलोही पुरते.

रंगाऱ्याशी बोलताना प्रत्येक काम वेगळं विचारा. खरवडणं, डिंक धुणं, पुट्टीचे हात किती, प्रायमर आहे की नाही, मधे वाळायला किती दिवस. खरवडणं, धुणं, घासणं ही कामं वेळखाऊ आहेत, अवघड नाहीत, आणि घरच्या दोघी-तिघी चार दिवसांत एक खोली करू शकतात. तेवढी मजुरी कर्जातून कमी करा. आमच्या काही गटांतल्या बाया आता दुसऱ्यांच्या घरी हे काम मजुरीनं करतात. तिथे एक गोष्ट खटकते. घासणारी बाई "हेल्पर" आणि पुट्टी ओढणारा पुरुष "मिस्त्री", आणि दोघांच्या हजेरीत मोठा फरक. ज्या भिंतीची तयारी बाईनं केली तिच्यावर शेवटचा हात फिरवायला काही पुरुषाचंच मनगट लागत नाही. पट्टी हातात घ्या, स्वतःच्या घरच्या भिंतीवर शिका, मग दर ठरवायला बसू.

राहिला दिवाळीचा प्रश्न. चिकटपट्टीच्या तपासणीत पाणी आलं आणि दिवाळी तोंडावर असेल, तर बाकीच्या तीन भिंती करून घ्या. ओल्या भिंतीचे पोपडे झाडा, तिला चुन्याचा एक पातळ हात द्या, तो ओल अडवत नाही. समोर कपाट लावू नका. रंगाचे पैसे गटात शिल्लक राहू द्या, त्यावर व्याजही द्यावं लागणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापलं की पुन्हा प्लास्टिकचा तुकडा लावून बघा.